लीग थांबली तेव्हा आधी पगार कुणाचा थांबला?

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरू एफसी या फुटबॉल क्लबने एक निवेदन काढले. पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवण्यात येत आहेत, असे त्यात म्हटले होते. पाठोपाठ चेन्नईयन एफसीनेही आपले कामकाज आणि पगार थांबवल्याचे जाहीर केले. क्रिकेटच्या गदारोळात ही बातमी आली आणि विरून गेली. परंतु आमच्या दृष्टीने ती केवळ खेळाच्या पानावरची बातमी नव्हती. एखाद्या गिरणीच्या दारावर टाळेबंदीची नोटीस लागावी, तशी ती बातमी होती. म्हणून तिचा विचार कामगाराच्या नजरेने झाला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

हे पगार का थांबले? खेळाडू हरले म्हणून नव्हे. प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणूनही नव्हे. एका कागदावरच्या कराराची मुदत संपत आली होती आणि पुढचा करार कोण करणार याचा पत्ता नव्हता, एवढेच कारण. ११ जुलै २०२५ रोजी इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवले की नवा हंगाम तूर्त स्थगित ठेवला जात आहे. त्या एका पत्राने देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा जागच्या जागी थिजली. सव्वाशे-दीडशे कोटी लोकांच्या देशाचा फुटबॉल एका पत्राने बंद पडू शकतो, तर तो उभा कशावर होता, हा खरा प्रश्न आहे.

पंधरा वर्षांचा करार

हे समजून घ्यायचे तर २०१० सालापर्यंत मागे जावे लागेल. त्याआधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा झी समूहाशी दहा वर्षांचा प्रक्षेपणाचा करार होता. तो २०१० मध्ये अर्ध्यावरच मोडला. त्यानंतर ९ डिसेंबर २०१० रोजी महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी नवा करार केला. मुदत १५ वर्षे, रक्कम ७०० कोटी रुपये. सरासरी काढली तर वर्षाला ४७ कोटींच्या आत. या रकमेच्या बदल्यात महासंघाने काय दिले? प्रक्षेपणाचे हक्क दिले, जाहिराती आणि प्रायोजकत्वाचे हक्क दिले आणि नवी लीग काढण्याचा हक्कही दिला. थोडक्यात, ज्यातून पैसा मिळू शकतो ते सगळे १५ वर्षांसाठी एका हाती सोपवले. पुढे हे हक्क फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीकडे आले. अलीकडच्या वर्षांत महासंघाला या करारातून दरवर्षी ५० कोटी रुपये मिळत होते.

ज्या घरात कमावता एकच असतो आणि त्याची नोकरीही कंत्राटी असते, त्या घराची अवस्था आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. महासंघाचे घर असेच चालले होते. १५ वर्षांत दुसरा आधार उभा करण्याची सवड त्यांना होती. तो उभा झाला नाही. ८ डिसेंबर २०२५ ही कराराची अखेरची तारीख काही आकाशातून पडली नव्हती, ती २०१० मध्येच लिहून ठेवलेली होती.

कंपनीची बाजूही येथे मांडली पाहिजे, नाहीतर आमचे विवेचन एकांगी ठरेल. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते आणि निकाल लागेपर्यंत महासंघाने नवा मोठा करार करू नये, अशी स्थिती होती. उद्या आपल्याकडे हक्क राहणार की नाही हे ठाऊक नसताना आज हंगामावर पैसा ओतायला कोणतीही कंपनी कचरणारच. पण मग प्रश्न उरतो तो हा की, कंपनीला थांबण्याची मुभा होती, महासंघाला निकालाची वाट पाहण्याची मुभा होती, क्लबच्या मालकांना हात आखडता घेण्याची मुभा होती. खेळाडूला आणि त्याच्या घरभाड्याला थांबण्याची मुभा कोणी दिली होती?

आयपीएलची नक्कल, पण पैसा कुठे?

इंडियन सुपर लीग १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात सुरू झाली तेव्हा तिचा थाट पाहण्यासारखा होता. आठ संघ होते. मालकांत चित्रपटतारे, क्रिकेटपटू आणि उद्योगपती होते. देल पिएरो दिल्लीकडून, त्रेझेगे पुण्याकडून, ल्युंगबर्ग मुंबईकडून आणि पिरेस गोव्याकडून खेळायला आले. हे सारे नावाजलेले खेळाडू, पण आपल्या कारकिर्दीच्या उतरणीवरचे. आराखडा सरळसरळ आयपीएलचा होता. शहरागणिक फ्रँचायझी, मालकाने दरवर्षी भरायची काही कोटींची फी आणि बंद दरवाजाची स्पर्धा, म्हणजे हरणारा खाली जात नाही आणि खालचा कितीही जिंकला तरी वर येत नाही.

परंतु आयपीएलमागे जो पैसा आहे तो फुटबॉलमागे नाही, हे या आराखड्यात विसरले गेले. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या पैशाचा वाटा संघमालकाला मिळतो आणि त्याची फी, खेळाडूंचे मानधन, सगळे त्यातून भागते. फुटबॉलमध्ये मात्र खर्च आयपीएलच्या धर्तीवर आणि मिळकत तिच्या पासंगालाही पुरत नाही, असा प्रकार झाला. फ्रँचायझी फी, परदेशी खेळाडूंचे पगार, मैदानाचे भाडे, देशभरचा विमानप्रवास हा खर्च ठरलेला. येणारी रक्कम म्हणजे मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा, अंगरख्यावरची जाहिरात आणि तिकिटे. आपण दरवर्षी तोटा सोसतो, असे क्लबचे मालकच वेळोवेळी सांगत आले आहेत.

जो धंदा दरवर्षी तोट्यात चालतो, तो मालकाच्या मर्जीवर चालतो. मर्जी आहे तोवर सगळे आहे. पुणे सिटीचे काय झाले ते पाहा. २०१४ ते २०१९ असा हा संघ लीगमध्ये होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद २०२२ मध्ये विजेता ठरला. त्यानंतर थोड्याच काळात त्याच क्लबमध्ये पगार थकले, खेळाडूंनी दाद मागितली आणि फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली. विजेतेपदाचा करंडक कपाटात आणि पगार थकलेला, हे चित्र जगात इतरत्रही आहे. पण आपल्याकडे ते अपवाद राहिलेले नाही.

नोकरी गेली, करार आला

जुन्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. तिच्यातही वशिलेबाजी होती, मैदाने खराब होती, पैसा तुटपुंजा होता. पण तिच्यात एक गोष्ट होती, जी आज नाही. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, रेल्वे, आरसीएफ यांचे फुटबॉल संघ असत. चाळीतला, वस्तीतला मुलगा चांगला खेळला की त्याला अशा ठिकाणी नोकरीची वाट सापडे. सकाळी सराव, दुपारी कचेरी. खेळ संपला तरी नोकरी राही, भविष्य निर्वाह निधी राही. मुलाने फुटबॉल खेळावा की नाही, हा निर्णय गरीब आईबाप त्या नोकरीकडे पाहून घेत. त्यांच्यासाठी चेंडू हा पोटाचा रस्ता होता.

गोव्यात हीच भूमिका खाणमालकांच्या कंपन्यांनी पार पाडली. साळगावकर, धेंपो ही घराणी आणि त्यांचे क्लब यांनी गोव्याला देशाच्या फुटबॉलच्या शिखरावर नेले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, साळगावकरने दोनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा. मात्र तेथेही क्लबची तिजोरी आणि मालकाची तिजोरी एकच होती. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम बंद पडले, हे येथे विसरून चालणार नाही. पुढे आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. पाच वेळा देश जिंकलेल्या क्लबला सांगितले गेले की, वरच्या वर्गात बसायचे तर गुण नव्हे, फी लागेल. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४ मध्ये.

त्याआधीची यादीही पाहा. महिंद्रा युनायटेड, मुंबईचा १९६२ पासूनचा संघ, २००६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता; २०११ मध्ये बंद. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसली नाही. प्रत्येक वेळी मालकाने एक निवेदन काढले, फुटबॉलविषयीचे प्रेम व्यक्त केले आणि दिवा मालवला. त्या प्रत्येक क्लबच्या कनिष्ठ संघातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

नव्या लीगने मोजक्या भारतीय खेळाडूंना पूर्वी कधी न मिळालेले पैसे मिळवून दिले, मैदाने सुधारली, प्रशिक्षणाचा दर्जा वाढवला, हे मान्य केलेच पाहिजे. पण कायम नोकरी जाऊन तिच्या जागी दोन-तीन वर्षांचा करार आला. आणि करार म्हटला की त्यामागे हमी हवी. ती हमी कोणी घेतली नाही. शिवाय क्लब म्हणजे फक्त अकरा खेळाडू नव्हेत. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा, गवताला पाणी देणारा, संघाचे कपडे धुणारा, मालिश करणारा, बस चालवणारा, लहान मुलांना शिकवणारा प्रशिक्षक, हे सगळे त्याच पगारपत्रकावर असतात. नामवंत खेळाडूच्या गाठीला चार पैसे असतात. या माणसांच्या गाठीला पुढच्या महिन्याचा किराणाही नसतो.

बोली लावायला कोणीही आले नाही

कराराची अखेर जवळ आली तशी न्यायालयाच्या देखरेखीखाली नव्या व्यावसायिक भागीदारासाठी निविदा काढण्यात आली. महासंघाला वर्षाला किमान ३७ कोटी ५० लाख रुपये किंवा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती द्यावी, अशी अट होती. ७ नोव्हेंबर २०२५ ही अंतिम तारीख उलटली आणि एकही बोली आली नाही. १५ वर्षांच्या झगमगाटानंतर बाजाराने दिलेला हा निकाल होता. डिसेंबरच्या अखेरीस मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबमधून अंग काढून घेतले. २०१९ मध्ये त्यांनी या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला देशातील आघाडीच्या खेळाडूंना एक चित्रफीत काढून फिफाकडे याचना करावी लागली की, आमचा खेळ वाचवा. आपल्या देशात दाद लागत नाही म्हणून परक्या दारी जाण्याची ही पाळी.

त्यानंतर सरकारने मध्यस्थी केली आणि ६ जानेवारीला जाहीर झाले की १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ क्लबांची लीग खेळवली जाईल. पण ती एकेरी फेरीची, म्हणजे ९१ सामन्यांची. आदल्या हंगामात प्रत्येक क्लब साखळीत २४ सामने खेळला होता, या रचनेत त्याच्या वाट्याला १३ आले. सामने निम्मे म्हणजे तिकिटे निम्मी, जाहिरात निम्मी. रोजंदारीवरच्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर निम्मे खाडे.

इतर देशांत काय होते?

हे फक्त भारतात घडते असे नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ हा क्लब २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. तेथे नियम असा की, क्लब बुडाला तर आधी इतर क्लबांची आणि खेळाडूंची देणी पुरती भागवायची, उरलेल्यांना जे उरेल ते. त्या उरलेल्यांच्या यादीत मैदानावर प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. करोडोंचे व्यवहार करणाऱ्या क्लबने रुग्णसेवकांचे काही हजार पौंड बुडवले होते. बरी हा १८८५ चा क्लब. २०१८ च्या अखेरीस तो एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला.

फरक आहे तो पुढच्या पावलात. पोर्ट्समथच्या समर्थकांनी वर्गणी काढली, विश्वस्त संस्था उभारली आणि २०१३ मध्ये क्लब विकत घेतला. चार वर्षे त्यांनी तो चालवला, कर्ज फेडले आणि २०१७ मध्ये मतदान घेऊन नव्या मालकाच्या हाती दिला. जर्मनीत तर १९९८ पासून नियमच आहे की, काही अपवाद सोडता क्लबच्या सभासदांकडे पन्नास टक्क्यांहून अधिक मताधिकार राहिला पाहिजे. धनाढ्य गुंतवणूकदार पैसा घालू शकतो, पण सभासदांना डावलून निर्णय घेऊ शकत नाही. आणि ज्या इंग्लंडने फुटबॉलचा सर्वांत मोठा बाजार मांडला, त्या इंग्लंडच्या संसदेला जुलै २०२५ मध्ये कायदा करून क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर स्वतंत्र नियंत्रक नेमावा लागला. मालक कोण, त्याचा पैसा कुठला, क्लब चालवण्याची त्याची ऐपत आहे का, हे तो नियंत्रक तपासणार. बाजार आपोआप न्याय करतो, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मालकाने तोटा किती सोसायचा?

आम्हाला विचारले जाईल की, मालकाने आणखी किती वर्षे खिशातून पैसे घालायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे मालकाने अमर्याद तोटा सोसावा असे नाहीच. आमचे म्हणणे उलट आहे. लीगचा आराखडा मालकाच्या हौसेच्या मापाने न आखता खेळाच्या खऱ्या मिळकतीच्या मापाने आखा. परदेशी खेळाडूंवरचा खर्च आटोक्यात ठेवा, प्रवास कमी होईल अशा विभागवार स्पर्धा घ्या. पण एकदा ज्याच्याशी करार केला, त्याचा पगार हा उपकार नव्हे, ते देणे आहे. तोटा झाला तर तो वरून खाली वाटला जावा. आज तो थेट खालून वर मोजला जातो.

यासाठी काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबने किमान सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात किंवा बँक हमीच्या रूपाने ठेवावी. ती नसेल तर परवाना मिळू नये. पगार थकलेले नसावेत ही अट परवान्याच्या नियमांत आहेच, पण थकल्यावर बोट दाखवणाऱ्या नियमापेक्षा थकूच न देणारा नियम हवा. दुसरे, क्लबांनी आपले वार्षिक हिशेब लोकांसमोर ठेवावेत. तिसरे, मध्यवर्ती उत्पन्नातील ठराविक हिस्सा खालच्या लीगला, महिलांच्या लीगला आणि जिल्हा संघटनांना नियमाने मिळावा, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. चौथे, खालचा संघ वर येण्याची वाट २०२३ मध्ये पंजाब एफसीच्या रूपाने उघडली, ती कायम राहावी. आणि वरचा हरला तर खाली जावा, हे तत्त्वही लागू व्हावे. जेथे कुणी वरून खाली येत नाही, तेथे गुणवत्तेची भाषा करण्यात अर्थ नाही.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निर्णयाच्या टेबलावर खेळाडूंचा आणि समर्थकांचा निवडून आलेला प्रतिनिधी बसला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात खेळाडूंच्या समितीची आणि क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्या न्यायाधिकरणाचे दार थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन येणाऱ्या माळ्यालाही उघडे असावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे. तिच्यात कनिष्ठ संघांतील मुले आणि मैदानावरचे कामगार सामील झाले, तर तिच्या शब्दाला वेगळे वजन येईल. नामवंत खेळाडूंनी चित्रफितीतून व्यथा मांडली, हे चांगलेच केले. आता ज्यांची चित्रफीत कुणी पाहणार नाही, त्यांनाही त्यांनी सोबत घ्यावे.

कोल्हापूरकडे पाहा

महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षक नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरला राजर्षी शाहू स्टेडियमवर जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम यांच्या सामन्यांना पेठापेठांतून माणूस लोटतो. तेथे ना कुणी चित्रपटतारा मालक असतो, ना शहराच्या नावाची फ्रँचायझी. तालमी आणि मंडळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या बळावर उभी आहेत. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. हे कुठल्याही लीगने दिलेले नाही. लोकांनी जपलेला खेळ आणि सरकारने चालवलेली शाळा यांतून ते आले. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्येही भांडणे आहेत, उणिवा आहेत. पण तेथील एखादी तालीम एका पत्राने बंद पडत नाही, कारण ती कुणा एकाची नाही.

उद्या महासंघाला नवा भागीदार मिळेल. पुन्हा रोषणाई होईल, पुन्हा मोठे आकडे जाहीर होतील. तेव्हा आपण टाळ्या वाजवण्याआधी करारातले एकच कलम शोधावे. पैसा संपला तर सर्वांत आधी कुणाचे थांबणार आणि सर्वांत शेवटी कुणाचे? त्या कलमात मैदानावर चुना मारणाऱ्याचे नाव सर्वांत वर लिहिलेले नसेल, तर २०२५ मध्ये जे घडले ते पुन्हा घडणार. ते कलम लिहून घेण्याची वेळ करारावर सही होण्याआधीची असते, नंतरची नव्हे. ती वेळ आता आहे.